बिनशिक्क्याचा एक्सल

जिते स्टेशनाकडून गावात शिरताना उजव्या हाताला पत्र्याची एक शेड लागते, ती कान्हू म्हात्रेची. शेडला पाटी नाही आणि पाटी लावायची गरज कान्हूला कधी वाटलीही नाही. आसपासच्या गावांतलं एखादं लोखंडी फाटक, खिडकीची जाळी किंवा देवळापुढचा कठडा जरा निरखून पाहिला, तर बिजागरीच्या मागं नाहीतर पायाच्या आतल्या अंगाला ठोकलेला एक आकडा सापडतो. एकतीस. तो आकडा म्हणजेच कान्हू.

ही सवय त्याला डोलवीच्या कंपनीत लागली. कान्हूचा बाप मिठागरावर राबला, आजाही मिठागरावरच राबला. कान्हूनं मात्र मीठ सोडून लोखंड धरलं आणि कंपनीत ठेकेदाराकडं वेल्डर म्हणून लागला. तिथली रीत अशी, की प्रत्येक वेल्डरला एक नंबर मिळायचा आणि जोड पुरा झाला की त्याच्या शेजारी पोलादी पंचानं तो नंबर ठोकायचा. पुढंमागं जोड उकलला तर कुणाला बोलवायचं ते कळावं, एवढाच त्यातला हेतू. बाकीच्यांना ती कटकट वाटे. कान्हूला मात्र ती इतकी भावली की त्यानं पेणच्या बाजारातून स्वतःचा पंचांचा डबा आणला आणि गावातल्या कामांवरही नंबर ठोकायला लागला.

"फाटकाला कोन नंबर मारतं रं?" शेजारच्या सखानं एकदा त्याला विचारलं.

"फाटक पडलं तर तू कुनाच्या घरी भांडाला जाशील?"

"तुज्याच."

"मंग तेवड्यासाठी."

तेव्हापासून गावात त्याला एकतीस नंबर म्हणतात. या माणसाला आपल्या कामाचा गर्व होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गर्व करण्यासारखं काम तो करतही होता, त्यामुळं कुणी त्याला फारसं बोलत नसे.

गेल्या वर्षी त्यानं कंपनी सोडली. घरी सांगितलं, शिफ्टांचा कंटाळा आला. लोकांना ते खरं वाटलं, कारण शिफ्टांचा कंटाळा कुणाला येत नाही? खरं कारण वेगळं होतं. कंपनीत वेल्डरची मधूनमधून परीक्षा घेतात. लोखंडाच्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडायच्या, मग ती जोडपट्टी यंत्रात घालून नालासारखी वाकवायची. जोड पक्का असला तर पट्टी निमूट वाकते. कच्चा असला तर जोडावरच तोंड उघडते. कान्हूची पट्टी उघडली. साहेब भला होता, त्यानं पुन्हा संधी दिली, आणि पुन्हा उघडली.

का उघडली ते कान्हूला ठाऊक होतं. वितळलेल्या लोखंडाच्या मधोमध एक बारीक ठिपका असतो. त्याच्याकडं बघत बघत हात पुढं न्यायचा असतो. तोच ठिपका त्याला दिसेनासा झाला होता. सरळ बघितलं की मधोमध राखाडी डाग, कडेनं मात्र सगळं स्वच्छ. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, पण हे डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे, आहे तेवढी नजर जपा. कान्हूनं मान डोलावली, एस्टी पकडून घरी आला आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. बायकोला, जनीलासुद्धा, त्यानं कळू दिलं नाही.

फाटकं आणि जाळ्या चालू राहिल्या. तिथं हाताच्या सवयीवर भागतं. त्या कामांवर नंबर ठोकताना त्याचा हात अडखळला नाही, कारण खिडकीच्या जाळीत कुणी शंभराच्या वेगानं बसत नाही.

अशात त्याची लेक प्रणिता गाडीच्या मागच्या दोन चाकांमधला मोडका एक्सल घेऊन दारात आली.

प्रणिता एकुलती एक. लहानपणी शेडमध्येच वाढली. इतर मुली भातुकली खेळत तेव्हा ही बापाच्या हाताखाली लोखंडाला टाके मारायची. मोठी झाल्यावर टेम्पो चालवायला लागली. जनी जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची, त्याच कारखान्याच्या मूर्ती प्रणिता गावोगाव पोचवायची. खड्ड्यांतून टेम्पो असा काढायची की मूर्तीच्या बोटाचासुद्धा टवका उडत नसे. रोह्याला मूर्ती पोचवता पोचवता तिथं स्पेअर पार्टचं दुकान चालवणाऱ्या नितेशशी तिचं जमलं, आणि ती रोह्याची झाली.

नितेशकडं एक जुनी कॉन्टेसा होती. त्यानं तिचं मूळ इंजिन काढून भलंथोरलं दुसरं बसवलं होतं, आणि ती गाडी घेऊन दोघं शर्यतींना जात. शर्यत सरळ पट्ट्यावरची. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि जो आधी पोचेल तो जिंकला. स्टेअरिंगवर प्रणिता असायची, कारण नितेशनं स्वतःच कबूल केलं होतं की तिचा हात त्याच्यापेक्षा बरा आहे. इतकी वर्षं गणपती जपून नेणारी पोरगी अशी सुसाट का सुटली, हे कान्हूला उमगत नसे. जनी म्हणायची, एवढी वर्सं दाबून धरलेला पाय आता मोकला झाला.

मागच्या शर्यतीत दिवा हिरवा झाला, प्रणितानं क्लच सोडला आणि मागचा डावा शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, कडकन तुटला. चाक तुटक्या शाफ्टासकट बाहेर आलं आणि गाडी एका अंगावर घसटत गेली. प्रणिताचा खांदा चेचला, बाकी काही झालं नाही, कारण गाडीनं अजून वेग घेतला नव्हता. पट्ट्याच्या शेवटी तुटलं असतं तर, असं वाक्य नितेशनं सासऱ्यासमोर सुरू केलं आणि अर्ध्यावरच सोडून दिलं. दोष एक्सलचा नव्हता. तो बिचारा ज्या इंजिनासाठी घडवला होता, त्याच्या दुपटीहून जास्त ताकद आता त्याच्या मागं लागली होती.

"मामा, पुन्याला एक जन हाय," नितेश म्हणाला. "मापं पाठवली की तो बाहेरून एक्सल मागवून देतो. नली जाड, शाफ्ट जाड, आतलं दातं मोठं. लोकांनी शर्यतीत वापरून बगितलेला माल हाय."

"आनि बिगाडला तर?" प्रणिता म्हणाली. "त्याचा एक बेअरिंग इथं मिलायचा नाय. बाबा पिकअपचा एक्सल कापून आपल्या मापाचा करतील. तो आपल्या गाडीपेक्षा दुप्पट दणकट असतो, नि सामान पेनच्या बाजारात मिलतं. सगल्यात म्हंजे, आत काय हाय ते मना म्हाईत आसंल."

दोघांचंही बरोबर होतं आणि तिथंच पंचाईत होती. कान्हूनं मोडका शाफ्ट हातात घेऊन फिरवला. विकतचा एक्सल कुणा अनोळखी माणसानं, न पाहिलेल्या गावात केलेला असतो. पण तो त्याच मापाचे शेकड्यांनी करतो आणि त्यातले काही मोडून बघतो. घरी केलेला एक्सल एकच असतो. त्याची इंच न् इंच ओळख असते, तो आपल्याच गाडीसाठी जन्मलेला असतो, पण तो मोडून बघता येत नाही. जेवढा करणाऱ्याचा हात, तेवढाच तो पक्का. आजवर कान्हूला यात अवघड असं काही दिसलंच नव्हतं, कारण आजवर हात त्याचा स्वतःचा होता.

"नितेशचं बी चुकत नाय," तो म्हणाला.

"बाबा, तुमचा नंबर त्याच्यावर आसंल तर मी डोले मिटून गाडीत बसंन," प्रणिता म्हणाली.

इथं कान्हूनं तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण लेकीनं असं म्हटल्यावर कुठल्या बापाला ते वाक्य सुचेल, सांगा. तो म्हणाला, "करू."

पेणच्या भंगारवाल्याकडं पिकअपचे एक्सल एकावर एक रचलेले होते. नितेशनं वरवर गंजमुक्त दिसणारा एक पसंत केला. कान्हूनं त्यावर हातोडीनं टक् टक् केलं, दोन्ही टोकांना कान लावला आणि मान हलवली. "मिठावर चाललेली गाडी हाय. बाहेरून रंगवलाय, आतून खाल्लाय." भंगारवाल्यानं आधी हुज्जत घातली आणि मग हसला, गाडी खरंच मिठाची होती. कान्हूनं आणखी काही ठोकले आणि ज्याचा आवाज स्वच्छ घुमला तो उचलला. नितेश सासऱ्यावर खूश झाला. कान्हूही तेवढ्यापुरता स्वतःवर खूश झाला.

शाफ्ट ठाण्याच्या एका कारखान्यातून नवे करून आणायचे ठरले, कारण त्यांना भट्टीत तापवून कडक करावं लागतं आणि ते शेडमध्ये होण्यासारखं नव्हतं. शाफ्ट ज्यांच्या आत फिरतात त्या एक्सलच्या नळ्या कापून आखूड करणं आणि टोकं पुन्हा जोडणं, हे कान्हूचं काम. त्यानं ते मन लावून केलं. टोकं एका रेषेत राहावीत म्हणून दोन्हींतून एक जाडजूड सरळ सळई ओवली. लोखंड तापलं की जोडाकडं ओढ घेतं, म्हणून थोडं वरून जोडायचं, थोडं खालून, मग हात आवरून थंड होऊ द्यायचं. हे सगळं त्याला झोपेतही जमलं असतं.

अडत होतं ते पहिल्या थराशी. नळीच्या तळापर्यंत लोखंड वितळून दोन्ही बाजू एकजीव व्हायला हव्यात, आणि ते बघण्यासाठी तो ठिपका दिसायला हवा. कान्हूनं मान वाकडी करून कडेच्या नजरेनं बघितलं, मास्कची काच बदलून बघितली, शेवटी अंदाजानं हात नेला. त्यावरचे थर मात्र सुरेख बसले. वरून बघणाऱ्याला बोट ठेवायला जागा नव्हती. नितेशनं येऊन मोबाइलवर फोटो काढले आणि मित्रांना पाठवले.

नितेश गेल्यावर कान्हूनं पंचांचा डबा उघडला. तीनचा पंच जोडाशेजारी टेकवला, हातोडी उचलली आणि तशीच खाली ठेवली. हात धुऊन येतो असं स्वतःलाच सांगून तो उठला, आणि हात धुऊन आल्यावर त्यानं डबा बंद करून फळीवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी एक्सलला लावायला काळा रंग हवा म्हणून तो जोह्याला गेला. खरं तर काळा रंग शेडमध्येही होता. पण घरात त्या एक्सलसमोर बसवत नव्हतं, आणि जनीच्या कारखान्यात गेलं की चार माणसं दिसतात, चहा मिळतो. कारखान्यात ओळीनं शाडूच्या मूर्ती मांडल्या होत्या. आखणीच्या पाटावर, जिथं बसून मूर्तीचे डोळे काढतात, तिथं जनी असणार असं धरून तो सरळ तिकडं गेला. पाटावर पूजा नावाची एक तरुण मुलगी बसली होती. जनी मागं कोपऱ्यात मूर्तींच्या बैठकांना रंग देत होती.

"तू हितं काय करतंस?" त्यानं विचारलं.

"दिसत नाय काय? बैठका रंगवतंय."

"नि डोले?"

"डोले पूजा काढतं. लय दिस झालं." जनीनं ब्रश पाण्यात बुडवला. "हाताला कंप सुटला माज्या. एका गनपतीची नजर तिरकी गेली, तवाच मी शेटला सांगितलं, आता दुसरं मानूस बगा. बैठकांना कंप चालतो."

"मना नाय सांगितलंस कदी."

"तुमी कवा इचारलंत?"

ती हे रागानं बोलली नाही, म्हणूनच कान्हूला ते जास्त लागलं. आखणीच्या कामाचा जनीला केवढा अभिमान होता ते त्याला ठाऊक होतं. लग्नात त्याच्या आईनं सून आखणी करते म्हणून साऱ्या गावाला ऐकवलं होतं. आणि ही बाई तो अभिमान एके दिवशी खाली ठेवून कोपऱ्यात येऊन बसली होती, कुणाला पत्ता न लागता.

तेवढ्यात पूजानं हाक मारली. "मावशी, ह्याच्या मानेला बघा ना." जनी उठली, मूर्तीच्या मानेमागून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "तडा हाय." कारखान्याचा मालक आला, त्यानंही अंगठा फिरवला. मग त्यानं ती मूर्ती उचलली आणि बाजूच्या पाण्याच्या पिंपात सोडली. सोंड, मुकुट, उगारलेला हात हळूहळू विरघळू लागले.

"एवडी केलेली मूर्ती," कान्हू पुटपुटला.

"डोले कुटं काढलेत अजून?" जनी म्हणाली. "डोले नाय काढले तवर ती माती. मोडायची तर तवाच मोडायची. एकदा डोले उघडले की देव झाला, मंग हात लावाची सोय नाय."

हे तिनं हजार वेळा म्हटलं असेल आणि कान्हूनंही तितक्याच वेळा ऐकलं असेल. घरी येताना रस्ताभर तेच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. आता तुम्हाला वाटेल की घरी येऊन त्यानं एक्सल कापला. तसं काही झालं नाही. माणूस एवढ्या लवकर सुधारत नाही. त्यानं तो काळा रंग एक्सलला फासला, वाळत ठेवला आणि जेवायला बसला.

रविवारी सकाळी प्रणिता आणि नितेश टेम्पो घेऊन आले. जनी घरीच होती. नितेशनं एक्सलभोवती फेरी मारून कौतुक केलं. प्रणिता काही न बोलता खाली बसली आणि जोडाच्या कडेनं बोट फिरवू लागली. एका टोकाला सगळीकडून फिरवलं, मग दुसऱ्या टोकाला.

"बाबा, नंबर कुटं मारलाय?"

"रंगाखाली गेला आसंल."

"रंगाखाली बोटाला लागतो."

"मंग इसरलो."

प्रणितानं वर बघितलं. "माज्या पालन्याला नंबर हाय बाबा. आईच्या भाकरीच्या तव्याच्या मुठीला हाय. नि हा इसरलात?"

लेक कान्हूकडं बघत होती, आणि ती ज्या डोळ्यांकडं बघत होती त्यांना तिचा चेहरा मधोमध नीट दिसत नव्हता. त्याला फक्त तिचे कान आणि खांदा दिसत होता, तोच चेचलेला खांदा. तो उठला, ग्राइंडर आणला आणि प्लग लावला.

"मामा, काय करताव?" नितेश पुढं झाला.

"व्हा मागं."

त्यानं जोडाच्या अलीकडं आणि मग पलीकडं आडवं पातं टेकवलं. ठिणग्या शेडभर उडाल्या, काळ्या रंगाचा करपट वास सुटला. नळीचा जोडासकट कड्याएवढा तुकडा सुटा झाला, तसा त्यानं तो उभा चिरला आणि प्रणिताच्या हातात दिला. "आतून बग. मना दिसायचं नाय, तूच सांग."

प्रणितानं तुकडा उजेडात धरला. पुष्कळसा भाग एकसंध होता, दोन लोखंडं कुठं भेटली ते ओळखू येत नव्हतं. मग एका जागी बोटभर लांबीची बारीक काळी रेघ होती. तिनं त्या रेघेत नख घातलं, ते आत गेलं.

"वरून कललं नसतं," ती म्हणाली.

"वरून मना बी कललं नाय. पन शंका व्हती." मग कान्हूनं सगळं सांगितलं, कंपनीतली उघडलेली पट्टी, अलिबागचा डॉक्टर, मधला डाग. सांगायला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी वेळ लागला.

"मना वाटलंच व्हतं," जनी दारातून म्हणाली. "बोंबलाचा काटा काढताना मान वाकडी करतात हल्ली."

प्रणिता चिडली. तिचं चिडणं बापासारखंच, आवाज न वाढवता. "म्हंजे मना ह्याच्यावर बसवनार व्हतात."

"नंबर नाय मारला गो."

"हा काय जवाब झाला? मी बोट नसतं फिरवलं तर?"

कान्हूला तेव्हा खरोखरची लाज वाटली, आणि ती नजरेची नव्हती. नजर गेली तर त्यात त्याचा काय दोष? पण तोंड त्याचं शाबूत होतं आणि ते त्यानं मिटून ठेवलं होतं. नंबर न मारून आपण प्रामाणिक राहिलो असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. लेकीनं ते एका वाक्यात धुऊन काढलं. तो म्हणाला, "चुकलं माजं. पुन्याचा मागव. नितेशचं बरोबर व्हतं."

प्रणिता तो चिरलेला तुकडा घेऊन गेली. जाताना वळून बघितलं नाही. कान्हू दिवसभर शेडमध्ये झाडलोट करत बसला, जी शेड त्यानं कालच झाडली होती. जनीनं त्याला दोनदा जेवायला बोलावलं.

पुण्याचा एक्सल यायला बराच काळ गेला. दरम्यान प्रणिताचे फोन व्हायचे ते जनीशी. मग एका सकाळी टेम्पो पुन्हा शेडसमोर उभा राहिला आणि नितेशनं लाकडी पेटी उतरवली. एक्सल खरोखर देखणा होता. जाड नळ्या, नितळ जोड, कुठं खोट काढायला जागा नाही. कान्हूनं हातोडीनं टक् केलं आणि पसंतीची मान हलवली.

"पन मामा, एक घोल झालाय," नितेश म्हणाला. "गाडी ज्यांच्यावर तोलते ते स्प्रिंगचे पाटे बसवाच्या बैठका सुट्या आल्यात. प्रत्येक गाडीचं माप वेगलं, म्हनून त्या ज्यानं त्यानं जोडाच्या म्हनं."

कान्हूला हसू आलं. बाहेरून मागवलेला एवढा भारी एक्सल, पेटीतून काढला आणि लावला असं होणार होतं, आणि शेवटी घोडं तिथंच पेंड खात होतं. गाडीचं सगळं वजन आणि इंजिनाचा सगळा झटका त्या दोन बैठकांवर येणार. विकत घेतलेलं असो की घरी केलेलं, कुठंतरी एक जोड आपल्यालाच करावा लागतो आणि तिथं आपला हात लागतो. "पुन्यालाच ने," तो म्हणाला. "तितं चांगली मानसं हायत."

"नाय," प्रणिता टेम्पोतून उतरत म्हणाली. "मी जोडनार. हितंच." तिनं पिशवीतून काही पट्ट्या काढून बापापुढं टाकल्या. एकमेकींना जोडलेल्या, वाकवलेल्या. काहींची तोंडं उघडी होती, काही अर्धवट उघडलेल्या. "रोह्याला दुकानामागं करून बगते. वाकवली की उघडतात. काय चुकतं ते कलत नाय, आनि सांगाला कोन नाय."

कान्हूनं पट्ट्या उचलल्या. त्यानं डोळ्यांजवळ नेल्या नाहीत, अंगठाच फिरवला. मग म्हणाला, "होल्डर घे. मना दिसायचं नाय, मी भिंतीकडं तोंड करून ऐकतो."

आर्क लागली, काडीच्या टोकाशी वीज पेटली. कान्हू पाठमोरा बसून ऐकत राहिला. इतकी वर्षं त्यानं बघून काम केलं होतं, पण कान सगळा वेळ तिथंच होते, आणि त्यांनी बरंच काही साठवून ठेवलं होतं. आर्क जवळ असली की तापल्या तेलात बोंबील सोडल्यासारखा एकसारखा चुरचुर आवाज येतो. लांब गेली की तो फुटतो, फडफडतो.

"लांब धरलंस. जवल घे. आता पलतंस कशाला, कोन मागं लागलंय? थांब हितं जरा, तलाला जाऊ दे. हां. आता चल."

पट्टी थंड झाली की पकडीत घालून हातोडीनं वाकवायची. पहिली उघडली. पुढचीही उघडली, पण कमी. मग दोघं जेवली आणि पुन्हा बसली. नंतरचे काही रविवार असेच गेले. प्रणिता रोह्याहून यायची, कान्हू भिंतीकडं तोंड करून बसायचा, आणि बाहेर वाटेवरून जाणाऱ्या सखाला वाटायचं की बापलेकीचं भांडण अजून मिटलेलं नाही. एके दिवशी पट्टी नालासारखी वाकली आणि उघडली नाही. पुढची, तिच्यापुढचीही तशीच. कान्हूनं अंगठा फिरवला, वाकलेल्या पाठीवर कुठंही कड लागली नाही. त्यानं ती पट्टी खिशात टाकली. तेव्हा कुठं त्यानं तिला एक्सलला हात लावू दिला.

बैठका जोडल्या त्या दिवशी नितेशनं श्वास रोखून माप धरलं होतं. कान्हू फक्त ऐकत होता आणि शेवटी शेवटी त्यानं बोलणंही थांबवलं, कारण सांगण्यासारखं काही ऐकू येत नव्हतं. लोखंड थंड झाल्यावर प्रणितानं फळीवरचा पंचांचा डबा काढला आणि त्याच्यासमोर उघडला.

"एकतीस मारते," ती म्हणाली. "कान तुमचे व्हते."

"जोड कुनी केला?"

"मी."

"उद्या उकलला तर कुनाला बोलवाचं?"

प्रणितानं डब्यावरचा हात मागं घेतला.

"मना बोलवून काय उपेग नाय. बत्तीस मार."

डब्यात तीनचा पंच होता, त्याचं डोकं इतक्या वर्षांच्या हातोडीनं चेपून कडेनं पसरलं होतं. एकचाही तसाच. दोनचा पंच मात्र दुकानातून आणला तसाच होता, वरचं तेलसुद्धा वाळून त्याच्यावरच चिकटलेलं. तो कधी लागलाच नव्हता. प्रणितानं आधी तीन ठोकला, मग दोनचा पंच पदराला पुसला, तीनच्या शेजारी टेकवला आणि एकाच घावात ठोकला.

मग तिनं बापाचा हात धरून खाली नेला. कान्हूनं अंगठा आधी जोडावर फिरवला, पार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मग शेजारच्या आकड्यावर. तीन त्याच्या ओळखीचा होता. दोनवर त्याचा अंगठा थोडा वेळ थांबला.

"आता डोले मिटून बस," तो म्हणाला.